आबांची पहिली घागर

माझा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. मांडी घालून बसता येत नाही, जात्यावर बसायचं तर एक पाय पसरून बसावं लागतं, आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या पायाला वाढपी अडखळला नाही असं अजून झालेलं नाही. नवीन माणूस भेटलं की विचारतं, "काय झाल्तं पायाला?" मी सांगते, "नारू झाल्ता." तेवढ्यानं त्याचं समाधान होतं, कारण आमच्या भागात नारू ही नवलाची गोष्ट नाही. उन्हाळ्यात आंब्याला पाड लागतो आणि माणसाला नारू, असं आमच्याकडे हसत हसत म्हणतात. ज्याच्या पायातून तो निघतो ते माणूस मात्र हसत नाही.

त्या नारूची सगळी हकीकत सांगायला बसले की ती माझी राहत नाही, माझ्या वडिलांची होते. आबा आता थकले आहेत, ऐकू कमी येतं, आणि स्वतःबद्दल ते कधी काही सांगणार नाहीत. म्हणून मीच लिहायला घेतलं. ज्याच्या घरात आज कुणी पाय धरून बाजेवर पडलेलं असेल त्यानं वाचावं, एवढीच इच्छा. मला अक्षरं आबांनीच शिकवली, पोथी वाचता यावी म्हणून. पोरगी एक दिवस आपल्याबद्दलच लिहीत बसेल हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी शिकवलंच नसतं.

बारवेचा मान

माझं माहेर टेंभुर्णीच्या बाजूचं, लहानसं गाव. गावाला पाणी एकाच बारवेचं. बारव म्हणजे थेट पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या गेलेली विहीर. दोर नको, चाक नको. पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. काठावर महादेवाचं देऊळ. रीत अशी की सकाळची पहिली घागर पिंडीवर जायची, आणि ती आमच्या घरच्या माणसानं न्यायची. ती वर जाईपर्यंत गावातली एकही बाई पायरी उतरत नसे. घागर पिंडीवर रिती करण्याआधी त्यातलं थोडं पाणी तांब्यात काढून ठेवायचं, तेच गावाचं तीर्थ. आबा देवळाच्या ओट्यावर बसून येईल त्याच्या तळहातावर ते घालत. आम्ही शेती करणारी माणसं. पूजा गुरवाची, पण पाण्याचा मान आमचा.

आबांनी हा मान मिसरूड फुटलं तेव्हा हाती घेतला आणि मी सांगते त्या वेळी त्यांचे केस पांढरे झाले होते. ताप असो, पेरणी असो, त्यांनी कधी खाडा केला नाही. माय चिडून म्हणायची, "महादेव एक दिवस पारोसा राह्यला तर काय रुसून जाईन का?" आबा म्हणायचे, "तो न्हाई रुसणार. मीच रुसन माह्यावर."

बोलणं कमी, आणि खोटं बोलायची वेळ आली तर ठसका लागायचा, असा माणूस. बैल विकायला जाफराबादच्या बाजारात न्यायचे आणि गिऱ्हाईकानं दात बघायच्या आधी सांगायचे, "हा डाव्या अंगाला जुपला तर बसतो, बरं का." मग बैल संध्याकाळी परत गोठ्यात. माय म्हणायची, "तुमचा बाजार म्हंजे बैलाला गाव दाखवून आणणं." आम्ही पोरं पोट धरून हसायचो. त्या स्वभावाची किंमत मला फार उशिरा कळली.

काडी

मला दिलं होतं लांब मंठ्याकडे. त्या वर्षी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला माहेरी आले आणि आठवड्याभरात पायाला, घोट्याच्या वर, फोड आला. आधी खाज, मग अशी आग की पायावर निखारा बांधल्यासारखी. फोड फुटला आणि आत पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसलं.

नारू काढायची आमच्याकडची पद्धत एकच. ते टोक बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज एक वेढा द्यायचा. दोरा हातभर असतो आणि जिवंत असतो. घाई केली की तुटतो, तुटला की आत सडतो. आबा रोज सकाळी देवळातून आले की माझ्या बाजेपाशी बसायचे, महादेवाचं नाव घेत घेत एक वेढा द्यायचे आणि काडी चिंधीनं बांधून टाकायचे.

"आबा, दोन द्या की आज. जल्दी सुटका होईन."

"जल्दी केली म्हणून ज्वारी निसवती का? पड गुमान."

आबांच्या हातून तो तुटला नाही. तुटला बाजेमुळे. मी कूस बदलली, काडी सुंभात अडकली आणि खटकन दोरा गेला. मायनं धोत्र्याची पानं गरम करून बांधली, कांद्याचं पोटीस केलं, मरीआईला नवस बोलली. दोन दिवसांत गुडघा भोपळ्याएवढा झाला आणि मी तापानं बरळू लागले.

आबांनी गाडी जुंपली. शेजारीपाजारी जमले. जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात पाय कापतात, वरून बाटवतात, असं जो तो सांगू लागला. आबा जू बांधत म्हणाले, "पाय गेला तरी लेक घरी येईन. हितं ठिवली तर दोन्ही जातीन." मग ते बारवेकडे गेले आणि एका छोट्या मडक्यात पाणी भरून आणलं. परक्या गावात तीर्थाशिवाय राहायचं कसं, म्हणून. तोंडाला फडकं बांधून ते मडकं त्यांनी माझ्या उशाशी ठेवलं. जालन्यापर्यंत गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते माझ्या कानाशी डुचमळत होतं.

दवाखान्यात

दवाखान्याच्या पायऱ्या आबांनी मला पाठुंगळी घेऊन चढल्या. लग्नाला दोन वर्षं झालेली बाई बापाच्या पाठीवर, पण लाजायलाही अंगात त्राण नव्हतं. डॉक्टरीणबाई गोऱ्या, उंच, आणि मराठी बोलायच्या ते पुस्तक वाचल्यासारखं. त्यांनी गुडघा दाबला, मी किंचाळले, त्यांनी पुन्हा दाबला.

"नारू आत तुटला आहे. पू गुडघ्यापर्यंत चढला आहे. आजच चिरा दिला पाहिजे. तरी पाय वाचेल असे मी वचन देत नाही."

खरं सांगते, मला दुखण्याची एवढी भीती वाटली नाही जेवढी सासरची वाटली. लंगडी सून कोण नांदवणार? मी आबांचं धोतर धरलं. "मला घरी न्या. मरू द्या घरी."

आबा वाकले. "कौसा, तुला खोटं सांगणार न्हाई. दुखीन. लई दुखीन. पण मी हितंच हाय, अन् महादेव बी हितंच हाय. त्याला काय आपल्याच गावची वाट ठाऊक हाय असं न्हाई."

आजारी माणसाला "काही होत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा राग येऊ नये, ते प्रेमानंच म्हणतात. पण माझ्या बापानं "दुखीन" म्हणून सांगितलं, म्हणूनच पुढं जेव्हा ते म्हणाले, "आता उतार पडला, तू वाचली," तेव्हा मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

चिरा दिला त्याचं वर्णन करत नाही. मला ते नीट आठवत नाही आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोगही नाही. पाय वाचला, गुडघा मात्र तेव्हापासून आखडला. आठवतं ते त्यानंतरचं. रोज सकाळी पट्टी सोडायची वेळ आली की सगळ्या खाटा गप्प व्हायच्या. पट्टी जखमेला चिकटलेली असायची. कोमट पाण्यानं भिजवून ती सोडवणारी नर्स आमच्याच बाजूची, बदनापूरकडची होती. ती सोडवता सोडवता मला तिच्या सासूच्या गोष्टी सांगायची, आणि सासू अशी नामी होती की मी रडता रडता हसायचे. एकदा तिनं माझे केस विंचरून वेणी घातली. ताप उतरल्याचा आनंद झाला नव्हता एवढा त्या वेणीचा झाला.

बाहेर लिंबाखाली रोग्यांच्या माणसांच्या चुली असायच्या. आबांनी जन्मात भाकरी थापली नव्हती. त्यांची भाकरी एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं कोळसा, मधलं तेवढं माणसानं खायचं. सकाळी दवाखान्यात प्रार्थना व्हायची तेव्हा आबा दारात हात जोडून उभे राहायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्यानं त्यांना हटकलं, "तुमी माळकरी माणूस, त्यांच्या देवाला हात जोडता?"

आबा म्हणाले, "माह्या लेकीच्या पायाला जे हात लागून राह्यले, ते सकाळी ज्याचं नाव घेऊन उठतात त्याला मी हात न जोडू व्हय?"

आणि प्रार्थना संपली की ते खाटेपाशी यायचे, मडक्यातलं थोडं पाणी माझ्या तळहातावर घालायचे, थोडं स्वतः घ्यायचे. आमचा दिवस त्यानंतर सुरू व्हायचा.

उन्हात धरलेला पेला

एके सकाळी डॉक्टरीणबाई नेमक्या त्याच वेळी आल्या.

"हे काय देत आहात?"

"तीर्थ हाय, बाई. आमच्या बारवेचं."

"बारवेत पायऱ्या उतरून जाता?"

"उतरल्याबिगर पाणी कसं मिळन?"

त्या काही वेळ आबांच्या पायाकडे बघत राहिल्या. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं की आबा लंगडत होते. माझ्याच पायात माझं सगळं जग होतं ना! "बाबा, तुमचा पाय दाखवा," त्या म्हणाल्या. आबांनी नाइलाजानं घोट्यावरची चिंधी सोडली. आत काडी होती, काडीला दोरा गुंडाळलेला. तो पाय घेऊन त्यांनी गाडी हाकली होती आणि मला पाठीवर घेऊन पायऱ्या चढल्या होत्या.

"मागच्या उन्हाळ्यातही होता?"

"व्हता. दुसऱ्या पायाला."

"तेव्हाही रोज पाण्यात उतरत होता?"

"बाई, माह्या नेमात खाडा न्हाई," आबा जरा अभिमानानंच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी काचेचा पेला मागवला, मडक्यातलं पाणी त्यात ओतलं आणि खिडकीतल्या उन्हात धरला. आबांना जवळ बोलावलं. मी खाटेवरून मान वर करून बघितलं. पाण्यात पांढरे, रव्याच्या कणाहून बारीक ठिपके होते आणि ते टुणटुण उड्या मारत होते.

त्यांनी रागावून नाही, हळू आवाजात सांगितलं. नारूची जखम पाण्यात बुडाली की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती या किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी जो पितो त्याच्या अंगात नारू वाढतो आणि वर्षानं बाहेर पडतो. दुहेरी फडक्यानं गाळलं तर किडे वर राहतात. पण जखमेचा पाय पाण्यात जाता कामा नये.

आबा पेल्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "वर्षानं?"

"हो. साधारण एक वर्षानं."

मागच्या आखितीला मी माहेरी होते. रोज सकाळी ओट्यापाशी जाऊन हात पुढं करत होते. हा हिशेब माझ्या मनात जुळला त्याच क्षणी आबांच्याही मनात जुळला, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तुमच्या एकट्याचा पाय नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गावात अनेकांना असेल."

"असन," आबा म्हणाले. "पण समद्यांच्या आधी मी उतरतो." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गावाबाहेरच्या वस्तीत नारू न्हाई. नदीत झिरा खोदून पितात ते. आमी त्यांना बारवेवर येऊ देत न्हाई."

 आबांनी मडकं उचललं, बाहेर नेलं आणि लिंबाच्या बुडाशी हळूच रितं केलं. त्या दिवशी त्यांनी अन्न घेतलं नाही. संध्याकाळी माझ्या पायथ्याशी बसून होते. मी म्हटलं, "आबा, तुमी जाणून केलं का?" ते म्हणाले, "न जाणता पाजलं तरी जहर ते जहरच, बाई."

मला वाटलं, आता या माणसाची श्रद्धा मोडली. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर आबा दवाखान्याच्या विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून, सूर्याकडे तोंड करून, रोजच्याच सुरात महादेवाचं नाव घेत होते.

मायचा राग

आम्ही घरी परतलो तेव्हा सासरचा निरोप येऊन पडला होता, की पाय धड झाला असेल तर धाडा, नाहीतर मागाहून बघू. माय दिवसभर चुलीवर राग काढत होती. त्यात आबांनी सांगितलं, उद्या ओट्यावर गावाला सगळं सांगणार.

माय उभीच राहिली. "काय सांगणार? म्या गावाला नारू पाजला म्हणून सांगणार? मान जाईन, तोंड दाखवता येणार न्हाई. अन् ही लेक? लंगडी तर झालीच. आता बापानंच रोग दिला म्हणून बोभाटा करा, मंग कोण येतंय तिला न्यायला! तुमाला कोणी इचारलं का? कोणाला ठावं हाय का?"

"मला ठावं हाय ना."

"गुपचूप पाणी गाळा. गुपचूप पायरीवर जाऊ नका. सांगायचं काहून?"

"मी एकटा न उतरून काय व्हतं? समद्यांनी पाय बाहेर ठिवला तर नारू जाईन. अन् मी का म्हणून उतरत न्हाई ते सांगितल्याबिगर कोण ऐकन माहं?" मग ते माझ्याकडे वळले. "पण पाय हिचा हाय. संसार हिचा हाय. कौसा, तू न्हाई म्हणली तर न्हाई सांगत."

ते माझा शब्द खरंच पाळणार होते, हे मला ठाऊक होतं. माझ्यासमोर सासरचं दार होतं. आणि डोळ्यांपुढं आला तो बाजारातून परत येणारा बैल. मी म्हटलं, "सांगा, आबा. मला बी ओट्यावर घेऊन चला." माय पदर तोंडाला लावून आत गेली.

ओट्यावर

सकाळी गाव जमलं ते घागर वर कधी येते याची वाट बघत. आबा रिकाम्या हातानं ओट्यावर उभे राहिले. मी खांबाला टेकून, पाय पसरून बसले होते.

"आज तीर्थ न्हाई," आबा म्हणाले. आणि एका दमात, कुठंही मऊ न करता, त्यांनी सगळं सांगितलं. "ज्या पायाला नारू, त्याच पायानं मी बारवेत उतरलो. ते पाणी तुमच्या हातावर घातलं. माह्या लेकीच्या बी घातलं. तिचा पाय पाहा."

साऱ्या गावानं माझा पाय बघितला. जमीन दुभंगावी असं मला वाटायला हवं होतं, पण मला वाटलं नाही. आबांचा आवाज कापत होता आणि तरी थांबत नव्हता. माझी मान आपोआप वर झाली.

पाटील म्हणाले, "आबा, दवाखान्यात डोस्कं फिरवून धाडलं का तुमचं? महादेवाच्या पाण्यानं कोणाला रोग होतो व्हय?"

"महादेवाच्या पाण्यानं न्हाई, पाटील. माह्या पायानं. पायऱ्या बंद करा अन् वरून चाक बसवा. कोणाचाच पाय पाण्यात नको."

"वाडवडलांनी पायऱ्या काय उगंच बांधल्या?"

"पाण्यापाशी जाता यावं म्हणून बांधल्या. आता पाणीच आपल्यापाशी आलं तर ते काहून रागावतीन? अन् ज्या वस्तीला आपण या पाण्याला शिवू दिलं न्हाई, तिथं एकाला बी नारू न्हाई. कोणाला राखलं देवानं, तुमीच पाहा."

हे ऐकून काहीजण चिडले. एक बाई पुढं आली. तिचा नवरा दोन उन्हाळे नारूनं पडून होता आणि एकटीनं तिनं शेत ओढलं होतं. ती आबांना नाही नाही ते बोलली. आबांनी हात जोडून ऐकून घेतलं. ती दमून थांबली तेव्हा ते म्हणाले, "बराबर हाय, माय."

मग गावाला म्हणाले, "आता आणखी एक ऐका. आज चाक बसवलं तरी पुढच्या उन्हाळ्यात नारू निघन. तो आधीच अंगात गेल्ता, तो माहा. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात निघाला तर मला लबाड म्हणा. तव्हर पिंडीवर घागर घालीन, पण कोणाच्या हातावर तीर्थ घालणार न्हाई." तांब्या त्यांनी ओट्यावर पालथा घातला.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. लोक बडबडत गेले आणि पायऱ्या उतरून पाणी घेऊन आले. आबांनी बाभळीच्या काट्या आणून पायऱ्यांवर टाकल्या. लोकांनी त्या बाजूला सारल्या. आबांनी पुन्हा टाकल्या. नारूचा पाय ओढत रोज काट्या वाहायच्या, रोज लोकांनी सारायच्या. शेवटी पाटलांच्या घरून एक जुनं मोटेचं चाक आणि दोर आला. पाटील स्वतः सांगायला आले, "पटलं म्हणून देत न्हाई. तुमी काट्या वाहून मरसाल म्हणून देऊन राह्यलो." आबा म्हणाले, "कशापायी बी द्या." चाक बसलं. गावाबाहेरच्या वस्तीला मात्र त्या चाकावर अजूनही कुणी येऊ देत नाही. तेवढं शहाणपण आमच्या गावाला आलेलं नाही, हेही लिहून ठेवते. आबा ते दर पोळ्याला बोलून दाखवतात आणि दर पोळ्याला लोक ऐकून घेतात.

सासरी बोभाटा व्हायचा तो झालाच. पण एक दिवस आमचे हे स्वतः गाडी घेऊन दारात. माय घाबरून विचारते, "पायाचं कळलं ना तुमाला?" तर हे म्हणाले, "मला भाकरी हातानं करणारी पाहिजे, पायानं करणारी न्हाई." त्या माणसाच्या तोंडून जन्मात निघालेलं ते एकच शहाणं वाक्य, पण वेळेवर निघालं.

"हा माहा"

पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. आबा म्हणाले होते तसंच झालं. गावात नारू निघाला. चावडीवर लोक म्हणू लागले, "चाक बसवून काय मिळालं?"

आबा पहाटे चाकानं घागर ओढायचे, फडक्यानं गाळून पिंडीवर घालायचे आणि मग खांद्यावर चिंध्यांची झोळी टाकून निघायचे. ज्या घरात नारू, त्या घरात. बाजेपाशी बसायचे, नाव घेत घेत काडीला एक वेढा, वर पोटीस, वर चिंधी. कुणी "राहू द्या, आबा" म्हणालं की एकच बोलायचे, "हा माहा हाय. मीच काढीन." ओट्यावर त्यांना बोलली होती त्या बाईच्या घरी ते सगळ्यात आधी जात. तिनं पहिल्या दिवशी दार लावून घेतलं. आबा उंबऱ्याशी बसून राहिले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा दार उघडलं, आणि पुढं ती रोज त्यांच्यासाठी ताक ठेवू लागली. त्या उन्हाळ्यात गावातला एकही नारू तुटला नाही.

माझ्या बापाला देव किती भेटला मला ठाऊक नाही. पण भक्ती म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी ती झोळी दाखवीन. मान गेला, तीर्थ गेलं, साठीची हाडं दुखत होती, आणि हा माणूस दारोदार जाऊन म्हणत होता, हा माझा, हाही माझा. त्या दिवसांत मी लंगडत पाणवठ्यावर गेले की बायका म्हणायच्या, "आबाची लेक." मला ती शिवी वाटली नाही. दागिना घातल्यासारखं वाटायचं.

तळहात

त्याच्या पुढच्या आखितीला मी पोराला कडेवर घेऊन माहेरी उतरले. मायनं काही सांगायच्या आधी मी विचारलं, "नारू?"

"कुठं न्हाई," माय म्हणाली आणि डोळे पुसू लागली. "झोळी खुंटीला हाय. पण तांब्या अजून पालथाच हाय. आखिती होऊ द्या, वैशाख सरू द्या, असंच करून राह्यले. मला वाटतं, भेव बसलंय त्यांच्या हाताला."

वैशाख सरला. कुणाला नारू निघाला नाही. गावातले लोक सकाळी येऊन ओट्यापाशी घुटमळायचे, आबांकडे बघायचे आणि जायचे. मागायचं कुणाला धाडस होईना, आणि आबा द्यायला धजेनात.

एका सकाळी मी देवळात गेले. आबा पाणी गाळत होते. पाटील होते, ती ताकवाली बाई होती, आणखी चारदोन माणसं. मी ओट्यावरचा तांब्या सरळ केला, आबांच्या पुढ्यात ठेवला आणि हात पुढं केला.

"आबा, तीर्थ द्या."

आबा माझ्या तळहाताकडे बघत राहिले. मग माझ्या आखडलेल्या पायाकडे.  "गाळलेलं हाय, बाई," ते म्हणाले. "दोनदा गाळलंय."

मी म्हटलं, "नसतं गाळलं तरी तुमच्या हातचं घेतलं असतं."

"न्हाई," आबा एकदम करड्या आवाजात म्हणाले. "तसं कोणाच्या बी हातचं घेऊ नको. माह्या बी."

आणि त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं. मी प्याले. मागं पाटील हात पुढं करून उभे होते.